उपजीविकेचे दुसरे साधन

वन्सं, आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही म्हणायचात, "वैनी, तुझ्या पत्त्यावर पत्र पोचवायचं तर पोस्टमन नको, ज्योतिषी लागेल." चौथीनंतर हातात पेन्सिल आली ती वाण्याच्या यादीपुरती. सोनल म्हणाली, आई, तू सांग, मी लिहिते. पण काही गोष्टी मुलीला सांगून लिहायच्या नसतात. म्हणून दुपारी पोळ्यांची ऑर्डर गेली की ओट्यापाशी बसून थोडं थोडं लिहितेय. तुम्ही हजारो लोकांची वाईट अक्षरं वाचलीत. माझंही वाचून घ्या.

तुमच्याशी मी फार बोलले नाही. तुम्ही बोलायचात, मी लाटायची. लग्न होऊन भाईंदरच्या खारीत आले तेव्हा कोणी दारात आलं की मी पडद्यामागे जायची. पोळ्यांची ऑर्डर द्यायला माणूस आला की तुमच्या भावाला पुढे करायची. तुम्ही केबिन रोडवर टपाल वाटता वाटता माझी गिऱ्हाइकं गोळा केलीत. एका हाताने रजिस्टरवर सही घ्यायची आणि तोंडाने सांगायचं, "भाभी, पोळी चाहिये तो बोलो, हमारी वैनी की पोळी कागज जैसी पतली." सिल्व्हर पार्कातल्या मेसची ऑर्डरसुद्धा तुम्हीच ओळखीने आणलीत. मी नुसती मान हलवली होती. आभार मानायचे असतात हे तेव्हा सुचलं नाही, नंतर लाज वाटली, आणि मग राहूनच गेलं.

तुम्हाला तुमच्या नोकरीचा फार अभिमान होता. जेवायला बसलात की सुरू. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा. औषधपाण्याचे पैसे मिळतात. तुमच्या नितीनच्या शाळेच्या फीचे पैसे मिळाले. फिरायला जायलासुद्धा सरकार तिकीट देतं. त्या सवलतीवर तुम्ही आसामला जाऊन आलात आणि मला चहाची पत्ती आणलीत. मी ती डब्यात जपून ठेवली, एवढी जपली की तिचा वास गेला. तुम्ही डबा उघडून बघितलात आणि कपाळावर हात मारलात.

एकदा मला ताप होता. तरी मी लाटत बसले होते, मेसचा डबा जायचा होता. तुम्ही ड्यूटीवरून आलात, माझ्या कपाळाला हात लावलात आणि लाटणं काढून घेतलंत. म्हणालात, "आज तुझी किरकोळ रजा. मी मंजूर करतेय." तशाच खाकी ड्रेसवर पोळ्या लाटायला बसलात. एक पोळी आसामसारखी, एक गुजरातसारखी. मेसवाल्याने संध्याकाळी फोन केला, आज कोणी नवीन बाई ठेवली काय. तुम्ही फोन घेऊन म्हणालात, "सरकारी कर्मचारी ठेवली होती, परत मिळणार नाही." आयुष्यात मला मिळालेली ती एकच मंजूर रजा.

आणि याच नोकरीवरून आपला वाद होता. तो अजून संपलेला नाही, म्हणून लिहितेय.

नितीनचे वडील खेड्यात टपाल न्यायचे. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपाखाली तुम्हाला घेतलं. कडेवर नितीन आणि खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन तुम्ही वाड्यावस्त्या फिरलात. त्या खेड्यातल्या नोकरीला खात्यातली पक्की नोकरी म्हणत नाहीत. पुढे तुम्ही खात्याची परीक्षा दिलीत, पास झालात आणि भाईंदरला पोस्टमन म्हणून आलात. तिथून तुमची नोकरी मोजायला सुरुवात झाली. आधीची वर्षं पेन्शनच्या हिशोबात धरली नाहीत. हे तुम्ही कधी रडून सांगितलं नाही. पण मी ऐकलं होतं. म्हणून तुम्ही सोनलसाठी त्याच खेड्यातल्या नोकरीची जाहिरात घेऊन आलात तेव्हा मला ती नको होती.

त्या दिवशी तुम्ही चष्मा लावून अटी वाचल्या. दहावी पास, गणित आणि इंग्रजी विषयांसह. कॉम्प्युटर येत असावा. सायकल चालवता यावी. आणि राज्याची भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी. परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या मार्कांवर यादी लागणार.

सोनल महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. का, तर दुसरीकडची फी परवडत नव्हती. चाळीत मला त्याची लाज वाटायची. शेजारच्या भारतीबेनच्या मुलीला सोनलपेक्षा जास्त मार्क होते, ती इंग्रजी शाळेतली. पण दहावीला तिने दुसरी भाषा घेतली होती, त्यामुळे तिला अर्जच करता आला नाही. यादी लागली तेव्हा भारतीबेन दारात आल्या. "आप की सोनल का हो गया? वो मराठी स्कूल से?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "अच्छा हुआ. मेरीवाली को भी डालना चाहिये था," आणि साखर घालून गेल्या तोंडात. मी आत येऊन सोनलच्या जुन्या शाळेचा फोटो पुसला. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत. तुम्ही न बोलण्याचे प्रसंग थोडे, म्हणून लक्षात राहिला.

सायकलीचं मात्र वेगळं झालं. सोनलला सायकल येत नव्हती. अर्जात तिने "येते" असं भरलं होतं. तिला वाटलं, हे कोण बघतंय. तुम्हाला कळल्यावर तुम्ही तिच्यावर ओरडला नाहीत. म्हणालात, "हो म्हणालीस ना? मग आता हो करून दाखव. पोस्टाच्या माणसाने हो म्हटलं की ते पोचलंच पाहिजे." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मिठागराकडच्या रस्त्यावर तुमची शाळा. सोनल सायकलवर, तुम्ही मागे कॅरिअर धरून पळताय. बांधावर बसलेली पोरं ओरडायची, "आंटी, छोड दो, गिरेगी." तुम्ही पळता पळताच म्हणायचात, "गिरेगी तो उठेगी. तू अपना क्रिकेट देख." एक दिवस तुम्ही खरंच सोडलंत आणि तिला कळलंच नाही. ती बरीच पुढे गेल्यावर तिने मागे बघितलं आणि पडली. गुडघा फुटला. घरी आली ती हसत. तुम्ही मला म्हणालात, "वैनी, हळद आण. पोस्टमास्तरीण जखमी झालीय."

मग नेमणुकीची ऑर्डर आली आणि घरात पेच पडला. सोनलला रायगडात, माणगावच्या पुढे एका गावात शाखेची पोस्टमास्तर म्हणून घेतलं होतं. अट अशी की महिन्याच्या आत त्याच गावात राहायला जायचं, आणि पोस्टासाठी जागा तिनेच द्यायची. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. नोकरी सरकारची, मग ऑफिस आपण द्यायचं? तुम्ही म्हणालात, "होय. ऑफिसची खोली तिची, पाटी सरकारची." महिन्यात जागा नाही मिळाली तर पुढच्या नंबरच्या माणसाला बोलावणार.

तुमचा भाऊ तेव्हा घरीच होता. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा कारखाना बंद झाला होता. तो म्हणाला, "आम्ही गाव सोडून भाईंदरला आलो आणि ही भाईंदर सोडून गावाला चालली. उलटी गंगा." तुम्ही म्हणालात, "तू खाडीवर राहतोस ना रे? पाणी आत पण जातं, बाहेर पण जातं. कधी उलटं म्हणालास त्याला?" पण मी आतून त्याच्याच बाजूने होते. एकटी मुलगी, अनोळखी गाव, आणि वर ती वर्षं मोजणार पण नाहीत. मी एवढंच म्हटलं, "पगार किती थोडा." तुम्ही म्हणालात, "सुरुवात थोडीच असते."

त्याच कागदांत अजून एक अट होती. ती वाचताना तुमचा आवाजही जरा अडखळला. उमेदवाराला या कामाच्या पैशाशिवाय उपजीविकेचे दुसरे साधन असल्याचे लिहून द्यावे लागेल. तुमचा भाऊ हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हणजे सरकारच सांगतंय, आमच्या पैशावर पोट भरू नका. आणि आपल्याकडे दुसरं साधन कुठलं? माझा कारखाना?" सोनल जमिनीकडे बघत होती. मी खाली मान घालून लाटत होते.

तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "हे काय हलतंय मग वैनीच्या हातात?"

माझा हात थांबला. तव्यावरची पोळी करपली. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. पण तुम्ही सोनलला म्हणालात, "लिही. आईबरोबर पोळी-भाजी आणि पापड विकण्याचा घरगुती व्यवसाय. आणि नुसतं लिहून ठेवू नकोस, करायचं." सोनलने लिहिलं. मग माझ्याकडे कागद धरून म्हणाली, "आई, बघ." मी अक्षर अक्षर लावून वाचलं. लग्न झाल्यापासून कुठल्याही कागदावर माझ्या नावापुढे गृहिणी असंच लिहिलं गेलं होतं. रेशनकार्डावर, शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे. त्या कागदावर पहिल्यांदा मी व्यवसाय होते. वन्सं, तुम्ही त्यावेळी पाणी प्यायला उठलात. मला रडायला जागा दिलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं.

खोली शोधायला आपण तिघी गेलो. तुम्ही किरकोळ रजा टाकली होती तरी खाकी ड्रेस घालून आलात. मी विचारलं, रजेच्या दिवशी युनिफॉर्म का. तुम्ही म्हणालात, "गावात साडी नेसून गेले तर नणंद, खाकीत गेले तर खातं." तसंच झालं. एसटीतून उतरल्याबरोबर चार माणसं गोळा झाली. पण खोलीचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे. मुलगी एकटी राहणार? भाड्याने? एका घरी तर सांगितलं, लग्न झालेली असती तर दिली असती. तुम्ही हसून म्हणालात, "नवऱ्याची अट खात्याने घातलेली नाही, तुम्ही कशाला घालताय?" तरी खोली मिळाली नाही. दिवस उतरत आला होता. शेवटची एसटी होती. मला वाटलं, चला, सुटलो. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मग रस्त्याच्या कडेच्या घरातून काशीआजी बाहेर आल्या. तुमच्या खांद्यावरचा पट्टा बघून म्हणाल्या, "पोस्टातल्या हाव काय? माझं निराधारचं पैसं आनाया तालुक्याला जावं लागतंय. पोस्ट हितं आलं तर हितंच मिळल का?" तुम्ही म्हणालात, "आजी, तुमच्याच ओटीवर आलं तर ओटीवर मिळतील." आजींनी पुढची खोली उघडून दाखवली. खाली, रस्त्यालगत, सगळ्यांना येता येईल अशी. तुम्ही भिंती बघितल्यात, खिडकी बघितलीत, टेबल कुठे लागेल ते बघितलंत. मी सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा मी विचारलं, "दाराला आतून कडी आहे का?"

काशीआजींनी मला नीट बघितलं. म्हणाल्या, "न्हाय. लावून घ्या. आन् पोरगी माझ्या घरात जेवल, मग मला बी कडी लावाया कुनीतरी व्हईल."

त्यानंतर तुम्ही हे सगळ्यांना सांगत सुटलात. "दिवसभरात वैनीने एकच प्रश्न विचारला, पण खोली पास झाली ती त्या प्रश्नावर." मी चिडायची. आज सांगते, मला ते ऐकायला आवडायचं.

खोलीचं डिपॉझिट, टेबलखुर्ची, लोखंडी कपाट, रंग, आणि सोनलची सायकल. एवढे पैसे आमच्याकडे नव्हते. तुम्ही तुमच्या नोकरांच्या पतपेढीतून कर्ज काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. भावाच्या नाही, माझ्या. म्हणालात, "हे बघ वैनी, उसने आहेत. दर महिन्याला माझ्या पगारातून कापणार, दर महिन्याला तू मला द्यायचे. तुझ्या पोळ्यांतून. उपकार म्हणून घेतलेस तर उद्या माझ्याशी भांडता येणार नाही तुला." मी म्हटलं, मी कुठे भांडते. तुम्ही म्हणालात, "भांडशील."

आणि पगाराच्या दिवशी तुम्ही दारात यायचात. "वसुली आलीय," म्हणून ओरडायचात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. मी पदराखालून पैसे द्यायची. तुम्ही ते माझ्यासमोर मोजायचात आणि चहा प्यायचात. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा मेसवाल्याने पैसे थकवले, हातात काही नव्हतं. तुम्ही माफ कराल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मग जा, माग त्याच्याकडे." मी सिल्व्हर पार्कला गेले, मेसच्या दारात उभी राहिले आणि बराच वेळ आत जाता येईना. मग गेले. "मेरा पैसा देना," एवढंच बोलले. त्याने दिले. परत येताना मी चालत आले, रिक्षा केली नाही. मला ते पैसे हातात धरून चालायचं होतं.

सोनलचं पोस्ट सुरू झालं. पाटी लागली. फोटो तुम्हीच आधी पाठवलात आणि लगेच फोन करून सांगितलंत, पाटी जरा तिरकी आहे, मी सांगितलंय सरळ करायला. दुपारी पोस्ट बंद झालं की ती आणि काशीआजी नाचणीचे पापड करतात आणि मी ते इथे विकते. लिहून दिलं तसंच चाललंय. आता गावातल्या बायका तिच्याकडे खातं उघडायला येतात. माझ्यासारख्या, न बोलणाऱ्या. ती म्हणते, आई, त्या आल्या की मी आधी तुझ्याशी बोलते तसं बोलते, मग त्या बोलतात.

आणि मग मी भांडले, तुम्ही म्हणाला होतात तशी. हॉस्पिटलमध्ये. तुम्हाला बोलायला दम लागत होता आणि तरी तुम्ही सोनलचंच बोलत होतात. अजून थोडी वर्षं झाली की तिला खात्याच्या परीक्षेला बसता येईल, तिच्याकडून तयारी करून घे, म्हणालात. मी म्हटलं, "आणि तोवरची वर्षं? तुमची कोणी मोजली नाहीत. तिची पण जातील." एवढं मोठ्याने मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "मोजली नाहीत म्हणून मी ती जगले नाही काय गं?"

नर्स आली, तिने मला बाहेर पाठवलं. मी ठरवलं होतं, उद्या येऊन सांगेन. काय सांगणार होते ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात.

तेराव्याला तुमच्या त्या जुन्या गावातून माणसं आली. आम्ही कोणी कळवलं नव्हतं. टेम्पो करून आली. नितीन त्यांना ओळखेना, तो तेव्हा कडेवर होता. एक बाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आमच्या पोस्टातल्या बाई. माझ्या मालकाची मनीआर्डर आली की बाई आधी हाक मारायची, म्हंजे सासूच्या आधी मी दारात पोचायची." मग दुसरीने सांगितलं, मग तिसरीने. पावसाळ्यात ओढा ओलांडून तुम्ही कशा यायचात, कोणाचं पत्र कोणाला न सांगता वाचून दाखवलंत. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण वन्सं, मान ताठ होती. मला वाटत होतं सगळ्यांना सांगावं, ह्या माझ्या नणंद.

तरी वाद मी सोडत नाही. सोनलने परीक्षा द्यावी, तिची वर्षं हिशोबात धरली जावीत, असंच मला वाटतं. पण ती वर्षं वाया जातात असं मी पुन्हा म्हणणार नाही. एवढी माघार घेते.

आता शेवटचं. तुम्ही गेल्यावर नितीन म्हणाला, "मामी, पतपेढीने आईचं उरलेलं कर्ज सभासदांच्या मदत फंडातून मिटवलं. आता तुम्ही काही द्यायचं नाही." मी म्हटलं, "पतपेढीचं मिटलं. तुझ्या आईचं आणि माझं कुठे मिटलं?" तो म्हणाला, "आई असती तर आता घेतले नसते." मी म्हटलं, "तुझी आई असती तर पगाराच्या दिवशी दारात उभी राहून चाळ गोळा केली असती." तो हसला आणि हसता हसता रडला. मग म्हणाला, "मग परीच्या खात्यात टाका. आई दर महिन्याला तिच्या सुकन्याच्या खात्यात टाकायची." तुमच्या नातीचं पुस्तक त्याने मला दिलं.

आज पगाराची तारीख, आणि आपल्या हिशोबातला शेवटचा हप्ता. पोळ्या पोचवल्या, साडी बदलली आणि एकटी पोस्टात गेले. आधीचे हप्ते तुमचा भाऊ भरून यायचा; आजही येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. स्लिप मीच भरली. एक खराब झाली, दुसरी घेतली. खिडकीतल्या पोरीने परीचं नाव आणि आडनाव वाचलं, थांबली, आणि मला विचारलं, "तुम्ही बाईंच्या कोण?"

मी म्हटलं, "मी त्यांची वैनी. पोळ्यांचा व्यवसाय आहे माझा."

ती उठून उभी राहिली आणि पैसे दोन्ही हातांनी घेतले. तुमच्यासारखेच माझ्यासमोर मोजले. पुस्तकात नोंद केली, शिक्का मारला, पुस्तक परत दिलं.

वन्सं, तुमचे सगळे पैसे फिटले.